मांजरीची साक्ष

पौषातल्या त्या सकाळीही मनुबाईने नेहमीसारखी चूल पेटवली, मासळीची पाटी धुऊन उपडी घातली आणि काल बाजारात न खपलेली तारली मांजरीपुढे ठेवली. मांजरीने तोंड फिरवले. ओसरीवर नव्या सुनेचे, मालूचे, गाठोडे बांधलेले होते. तिला माहेरी, दिवा गावी, धाडायचे की नाही, हे आज राघो भगत ठरवणार होता.

उन्हे चढेपर्यंत कोपरच्या खाडीकाठची अख्खी वस्ती अंगणात लोटली. कार्तिक सरता सरता मालू लग्न होऊन आली आणि मांजरीचे बिनसत गेले. कुठेकुठे हात लागला की किंचाळायची. पाठीवरची जखम भरेना. हे सुनेच्या पायगुणाने, असे वस्ती बोलू लागली.

"मुकं जनावर खोटं बोलत नाय!" भगताने मोरपिसे झाडली. "ज्याच्या नावाला वरडंल, त्याच्यात बाधा!"

मांडीवरच्या मांजरीवरून हात फिरवत त्याने नावे घेतली. आधी मालूच्या नवऱ्याचे, दामाजी... मांजर गप्प. मनुबाई... गप्प. मालू... आणि मांजर फाटक्या आवाजात किंचाळली. गर्दी मागे सरकली. 

"एक नाव मी घेऊ का?" दामाजीने डोंबिवलीहून आणलेले पशुवैद्य हरिहर पुढे झाले.

"घ्या की डाक्टर! देवाला पँटवाल्यांचं वावडं नाय."

डॉक्टरांनी मांजर घेतली. "राघो भगत," असे म्हणत तिच्या पोटाखाली बोटे टेकवली. तीच किंकाळी!

"मनुबाय, आता भगतालाच माहेरी धाडतेस का गो?" मागून कोणीतरी ओरडले.

हशा पिकला. डॉक्टर हसले नाहीत. "हिच्या कातडीखालची चरबी सुजली आहे; दाबले की दुखते. बुवांचा हात आधी डोक्यावर होता, मालूच्या नावाला तेवढा पोटाखाली गेला. ही खाते काय?"

"तारली," मनुबाई म्हणाली. मग अडखळली. "मार्गशीर्षात गिऱ्हाईक मासळीला शिवत नाय. उरंल ती सगळी हिलाच..."

"नुसत्या तेलकट मासळीवर ठेवले की मांजराच्या अंगातले ई जीवनसत्त्व सरते. चरबी सुजते, रोगाशी झुंजायची ताकदही घटते, म्हणून जखम भरत नाही. तारली बंद करा, कोंबडीचे मांस द्या. जीवनसत्त्व मी देतो. पण तेही काही संजीवनी नव्हे, उणीव आहे तेवढी भरायची. सून आणि मार्गशीर्ष एकदमच आले, एवढाच तिचा गुन्हा. माणसाला दोष देण्याआधी कारण तपासावे, बाई."

भगत मोरपिसे आवरून वाटेला लागला.  मनुबाईने मांजरीच्या थाळीतली तारली काढून टाकली, ओसरीवरच्या गाठोड्याची गाठ सोडली आणि मालूची लुगडी एकेक करून आपल्या स्वतःच्या पेटीत रचून ठेवली.