मडगार्डाची नवी जोडी

शिंपीकाकांच्या पोराची ती स्पोर्ट्स गाडी, पुढे दोन चाकं आणि मागे एक, अपघातानंतर माझ्याच गॅरेजात पडून होती. पुढची दोन्ही मडगार्डं फुटलेली. पोरगा तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. तरी काका नवी जोडी घेऊन आले आणि वर घाई करायला लागले. "तो उठला की आधी गाडीच मागेल."

गंजलेले बोल्ट निघता निघत नव्हते आणि हा माणूस माझ्या डोक्यावर उभा.

"काका, जरा गप्प बसा हो!" मी खेकसलो. ते स्टुलावर जाऊन बसले.

जुनी मडगार्डं उतरवून मी नवी बसवली. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. कुठे घासत नव्हतं. पण रिकाम्या गाडीचा काही भरवसा नसतो. चालवणारा बसला की ती खाली दबते आणि मडगार्ड बॉडीला घासतं.

"सीटवर वजन ठेवून बघावं लागेल. पोराचं वजन किती?"

"तेव्हाचं की आत्ताचं?"

"आत्ताचं," मी हातातलं काम न सोडता म्हणालो.

काका उठले. त्यांनी गॅरेजातल्या दोन-तीन वस्तू उचलून परत ठेवल्या. मग माझी हत्यारांची पेटी दोन्ही हातांवर घेतली आणि अलगद सीटवर ठेवली.

"एवढा. रोज मीच उचलतो ना."

गाडी जराही दबली नाही. मडगार्ड कुठेच घासलं नाही.