भाईंचं इंग्रजी

देवबागात इंग्रजी येणारा माणूस एकच आणि तो म्हणजे भाई, अशी साऱ्या गावाची खात्री होती. खरं नाव सत्यवान. पण त्या नावाने हाक मारायला त्यांच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं. तरुणपणी मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी सहा वर्षं कपबशा विसळल्या, आणि साहेब विलायतेला गेला तेव्हा त्याची जुनी टोपी घेऊन हे गावी आले. टोपी आली म्हणजे तिच्याखालचं इंग्रजीही आलं असणार, असं गावाने धरून टाकलं. भाईंनी कधी नाही म्हटलं नाही. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण ती म्हण इथे जास्तच होते. लंगड्या गायीला निदान तीन पाय धड असतात.

गावातले निम्मे पुरुष बोटींवर खलाशी. कंपनीचे कागद यायचे, बंदरातल्या ऑफिसचे यायचे, आणि सगळे इंग्रजीत. बायका ते पदराखाली झाकून भाईंच्या पडवीत न्यायच्या. भाई चष्मा चढवायचे, कागद हातभर लांब धरायचे, दोनदा "येस, येस" म्हणायचे आणि मग मालवणीत मजकूर सांगायचे. बाई दोन नारळ ठेवून समाधानाने घरी जायची.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत जानकीही अशीच एक पत्र घेऊन गेली. तिचा नवरा गुरुदास बोटीवर खलाशी होता, लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नव्हतं. पत्र मुंबईहून आलं होतं, टाइप केलेलं, पाचसहा ओळींचं.

"बरो आसा गो गुरुदास," भाई म्हणाले. "तुका विशेस पाठवल्यान. विशेस म्हणजे शुभेच्छा. शिमग्याक येतलो."

जानकी हरखली. विशेस हा शब्द तिने वाटभर घोळवला. घरी येऊन अंगण सारवलं, कुळीथ निवडून ठेवले, नवऱ्याला आवडतात म्हणून सुके बांगडे वेगळे काढले. बाराव्या दिवशी मालवणहून तार आली. तारवाल्याने दारात उभं राहून तिचा अर्थ सांगितला. गुरुदास मुंबईच्या इस्पितळात वारला होता.

भाई सांत्वनाला आले, टोपी काढून बसले. "माणसाचा काय गो, आज आसा, फाल्या नाय." चांगला ठणठणीत माणूस एकाएकी गेला, असंच जानकीने मानलं. नशिबाला बोल लावला, पांढरं कपाळ घेऊन सुंभ वळायला बसली, आणि दोन वर्षं वळत राहिली.

मग अ‍ॅनीबाई आल्या. मराठी शाळेवर बदलून आलेल्या ख्रिस्ती मास्तरीण, वेंगुर्ल्याकडच्या. बायका कागद घेऊन दुसऱ्याच्या पडवीत जातात हे पाहून त्यांनी शाळा सुटल्यावर बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. पुस्तकं नव्हती. बाईंनी वेगळीच रीत काढली. एकेका बाईला जवळ बसवायचं, तिची हकिगत विचारायची, तुला मनातून काय हवंय ते विचारायचं, आणि त्याच्या सहा सोप्या इंग्रजी ओळी करून फळ्यावर लिहायच्या. तोच त्या आठवड्याचा धडा. पुस्तकातल्या परक्या पोरीचं आयुष्य पाठ करण्यापेक्षा शेजारणीचं आयुष्य लवकर पाठ होतं, हे बाईंना बरोबर कळलं होतं.

जानकी गेली ती घरात एकटीने बसवत नव्हतं म्हणून. अक्षरं आली, मग शब्द आले. तिचं डोकं तिखट होतं, तेही तिला तिथेच कळलं. वर्ष उलटता उलटता मासळी विकणाऱ्या हौसाबाईचा धडा फळ्यावर आला. हौसाबाई सेल्स फिश. शी हॅज टू सन्स. असं करत शेवटची ओळ आली: हौसाबाई विशेस टू राइड इन अ मोटरकार.

जानकी हसली. "बाई, हौसाबाय मोटारीक शुभेच्छा कशाक देता?"

"शुभेच्छा न्हय गो," बाई म्हणाल्या. "विशेस म्हणजे इच्छा आसा. तिका मोटारीत बसाचा आसा. नुसतो तो शब्द कार्डावर छापतत तेवा शुभेच्छा."

जानकी तशीच उठली, घरी गेली, ट्रंकेतून ते पत्र काढलं आणि उंबऱ्यावर बसून एकेक शब्द लावत गेली. दोन शब्द अडले, पण नडले नाहीत. 'युवर हजबंड इज व्हेरी वीक अँड विशेस टू सी यू. प्लीज कम सून.' नवरा फार अशक्त झाला होता. त्याला तिला बघायचं होतं. लवकर या, म्हटलं होतं.

मालवण बंदरातून बोटीत बसलं की दुसऱ्या दिवशी मुंबई. बारा दिवस होते तिच्या हातात. ते बारा दिवस तो इस्पितळाच्या दाराकडे बघत पडला असेल आणि ही इकडे कुळीथ निवडत होती. त्याने शेवटी काय मानलं असेल? बायकोला कळवलं, तरी ती आली नाही, हेच ना? जानकी रडली नाही. तिच्या अंगाची आग झाली. दुःख तिचं केव्हाच रडून झालं होतं. आता उरला होता तो सूड, आणि तो तिला जेवणापेक्षा जास्त जगवू लागला.

पहिल्यांदा तिला वाटलं, भाईंनी मुद्दाम फसवलं. म्हणून तिने खडा टाकून पाहिला. वहीच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं, 'माझ्या घराला आग लागली आहे.' तो कागद घेऊन ती भाईंच्या पडवीत गेली. भाईंनी चष्मा चढवला, येस येस म्हटलं. "कंपनीचा आसा. तुझी चौकशी करतत."

पडवीच्या भिंतीवर मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचं जुनं कॅलेंडर टांगलं होतं. त्याच्या माथ्यावर तोच 'विशेस' शब्द छापलेला होता, फुलांच्या वेलीत. ट्रंकेतल्या त्या साऱ्या पत्रात भाईंना तेवढाच एक ओळखीचा निघाला होता. दुष्टावा नव्हता, कावा नव्हता. पोकळ ऐट होती. तिच्या नवऱ्याचं शेवटचं मागणं एका म्हाताऱ्याच्या ऐटीपायी गेलं! दुष्टावा असता तर तिने एक वेळ गाऱ्हाणं घालून तो देवावर सोपवला असता. हे सोपवण्यासारखं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ चारचौघांत उघडायची, असं तिने ठरवलं. पण घाई केली नाही. गावात बोंब मारली असती तर विधवेचं डोकं फिरलं म्हणाले असते. ती आणखी एक वर्ष इंग्रजी शिकली.

एकसष्ट सालच्या सव्वीस जानेवारीला वर्गाचा समारंभ ठरला. शिक्षणखात्याचे एक साहेब मालवणहून होडीने येणार होते. त्यांच्याशेजारची खुर्ची अर्थातच भाईंची. प्रत्येक बाईने स्वतः लिहिलेला उतारा वाचायचा होता. जानकीने आपला उतारा आदल्या दिवशी बाईंना दाखवला. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "कॅनॉट हो एकच शब्द. मदी जागा सोडू नको." एवढीच दुरुस्ती केली आणि कागद परत दिला.

झेंडा झाला, गाणं झालं. हौसाबाईने मोटारीचा धडा वाचला, लोक हसले. मग जानकी उठली आणि सरळ भाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"भाई, माझा पयला इंग्लिश पत्र तुमीच वाचलात. आज ह्या पण तुमीच वाचा. आणि सगळ्यांक मालवणीत सांगा."

लोकांना ते फार आवडलं. कुणीतरी टाळी वाजवली. भाई प्रसन्न झाले, उभे राहिले, चष्मा चढवला, कागद लांब धरला.

"येस, येस. जानकी म्हणता, मी गरीब बायलमाणूस. भाईंच्या आशीर्वादान शिकलंय. देवबागाचा नाव मोठा होवंदे. आणि सगळ्यांक..." इथे ते थोडे थांबले, "सगळ्यांक विशेस."

टाळ्या पडल्या. जानकीने त्या पुऱ्या होऊ दिल्या. मग भाईंच्या हातातला कागद काढून घेतला आणि साहेबांपुढे धरला. साहेबांशी ती पुस्तकी मराठीत बोलली. "साहेब, आता आपण वाचून अर्थ सांगावा."

साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे इथे सांगणं बरं नव्हे," ते म्हणाले.

"मी लिहिलं आहे. सांगावं."

साहेबांनी खाली मान घालून एकेक ओळ सांगितली. भाई देवबागात राहतात. भाईंकडे टोपी आहे, चष्मा आहे. भाईंना इंग्रजी वाचता येत नाही. गुरुदासला मरण्याआधी बायकोला बघायचं होतं. ते पत्र भाईंनी वाचलं. बायको घरी बसून राहिली.

मांडवात मागून एका खलाशाची म्हातारी आई उठली. "आणि माझ्या झिलाचा पत्र?" दुसरी उठली. "माझा?" त्या दिवशी साऱ्या गावातल्या ट्रंका उघडल्या गेल्या. भाई घरी कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. खोटं कशाला बोला, जानकीला ते सारं गोड लागलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

महिन्याभराने, दुपारी, भाई तिच्या अंगणात आले. टोपी नव्हती. दाढी वाढली होती. जानकी सुंभ वळत बसली होती, ती उठली नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यावर आफ्रिकेची तिकिटं होती.

"हरिश्चंद्राचा पत्र," ते म्हणाले. हरिश्चंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा, मोंबासाला गोदीत कारकून. "सात म्हयने झाले. जाताना मीच सांगलंय त्याका, माका पत्र घालशीत ता इंग्लिशीत घाल म्हणान. कोणाक दाखवतलंय? वाच गो. जितो आसा काय तेवढा तरी सांग."

जानकीने हात सुंभावरून काढून पदराला पुसले आणि पत्र मनातल्या मनात वाचलं. मुलाने लिहिलं होतं की हे तिसरं पत्र, एकाचंही उत्तर नाही. बाबा रागावले आहेत का? त्याने तिथेच लग्न केलं होतं, मुलगी झाली होती. मे महिन्यात दोघींना घेऊन येऊ का? नको असेल तर उत्तर पाठवू नका, मी समजेन.

तिने घडी घातली. "जितो आसा. फुडचा सांगतंय, पण एक अट आसा. उत्तर मी लिवतलंय. त्यात पयली ओळ माझी."

"कसली?"

"माका इंग्लिश वाचूक येणा नाय. कधीच येय नाय. ही."

म्हातारा पायरीवर बसला. "ता नको गो जानकी. गावान थुकला, थुकांदे. पण हरिश्चंद्राक खरा वाटता, माका इंग्लिश येता म्हणान. जगात तो एकटोच उरलो आसा."

"माझ्या घोवाक पण खरा वाटला, बायल येवक नाय. ताच खरा मानून तो गेलो."

जानकीला दया आली का? नाही आली. तिने आत जाऊन कागद आणि दौत आणली, समोर ठेवली आणि वाट बघत बसली. माडांची सावली पायरीवरून अंगणात गेली तेव्हा कुठे भाईंनी होकाराची मान हलवली.

मग तिने पत्र वाचून दाखवलं, शब्दन् शब्द, काही न गाळता, काही न घालता. नात झाली हे ऐकताच म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते रडून होईतो ती थांबली. आणि मग उत्तर लिहिलं. पहिली ओळ तिची, खाली एकच ओळ त्यांची: मे महिन्यात तिघंही या. कागद तिने त्यांच्याकडे फिरवला आणि टाक हातात दिला.

भाईंनी टाक घेतला. मग अगदी हळू विचारलं, "सही मराठीत केलंय तर चलात?"

"तुमका येता तीत करा," जानकी म्हणाली.