चार पौंडांची लाल टोपी

मी एक जुना तानकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, पोटात स्प्रिंग आणि छातीवर पितळी पट्टी, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, मला शहाणपण आलं ते अमेरिकेत, युटामधल्या सॅनपीट खोऱ्यात, टर्की कोंबड्या पाळणाऱ्यांच्या घरी. विकणारा म्हणे, "काटा कमी दाखवतोय." घेणारा म्हणे, "जास्त दाखवतोय." दोघेही एकदमच चिडले की मी समजायचो, आपलं बरोबर आहे.

पुढे तो धंदा बंद पडला आणि मालकाची मुलगी आर्व्हेला मला घेऊन गेली. तिला आणि तिचा नवरा ऑरिन याला एकच वेड होतं. दर ऑगस्टला बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर जायचं आणि घरी बांधलेली गाडी पळवायची. बांधायची ऑरिनने, चालवायची आर्व्हेलाने. ताशी दोनशे मैलांच्या वर विक्रम केला की तिथे लाल टोपी मिळते. टोपी साधीच, कापडाची. पण ती घातलेला माणूस आला की हॅम्बर्गरच्या रांगेतले लोक आपणहून बाजूला होतात.

आर्व्हेलाची गाडी मात्र एकशे सत्त्याऐंशीवर अडून बसली होती. त्या वर्षी डॉक्टरांनी तिचे डोळे तपासून सांगितलं, पुढच्या वर्षी परवाना विसरा. म्हणजे टोपी आता, नाहीतर कधीच नाही.

तिचा भाऊ डेल्मर याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध असे. "मोठं इंजिन टाका! आणि वजन उतरवा." इंजिनाचे पैसे काही त्याच्या घरून येणार नव्हते, म्हणून ते राहिलं. वजन मात्र उतरवलं होतं. गाडीतली काढता येईल ती प्रत्येक वस्तू काढली होती आणि आर्व्हेलाने चीज घातलेले भाजके बटाटे सोडले होते.

"मोठं म्हणजे किती मोठं?" ऑरिनने विचारलं. "आधी किती ताकद लागते ते तर बघू."

त्याने मला गाडीला अडकवलं आणि सपाट मिठावर हळूहळू ओढलं. पंच्याण्णव पौंड! डांबरी रस्त्यावर याच्या निम्म्यात भागलं असतं. मग त्याने हवेचा हिशेब ट्रेलरच्या दारावर खडूने मांडला. मित्रांनो, हवा फार लबाड आहे. वेग दुप्पट करायला जा, ती आठपट ताकद मागते. मिठाचं आणि हवेचं मिळून उत्तर आलं, दोनशे मैलांना तीनशे ऐंशी अश्वशक्ती.

"आपलं इंजिन तर चारशे तीसचं आहे," ऑरिन डोकं खाजवत म्हणाला. "मग उरलेली जाते कुठे?"

"चाकांचा मीटर बघितलास का?" आर्व्हेला म्हणाली. "काल चाकं दोनशे पंधराने फिरत होती. घड्याळवाल्यांनी हातावर ठेवले एकशे सत्त्याऐंशी."

"आणि मधले अठ्ठावीस मैल?" डेल्मरने विचारलं.

"मिठाला दान दिले, बाबा! चाक जागच्या जागी घसरतंय."

ऑरिनने एक सुटं टायर मिठावर आडवं ठेवलं, त्यात शिसं भरून मला टांगून बरोबर शंभर पौंड केले आणि मग माझ्याच आकड्याने ते ओढलं. पन्नासला टायर सरकलं. म्हणजे वजनाच्या निम्मी पकड. मागच्या चाकांवर होते तेराशे पौंड, म्हणून पकड साडेसहाशेची. दोनशे मैलांना रेटा हवा सातशेच्या वर. मोठं इंजिन टाकलं असतं, तर चाकं आणखी जोरात घसरली असती, एवढंच.

"गाडी जड करायला हवी," ऑरिन हळूच म्हणाला. "मागे चारशे पौंड."

"जड?" डेल्मर ओरडला. "उन्हाने डोकं फिरलं का रे तुझं?"

"तू गप्प बस," आर्व्हेला म्हणाली. "तुझ्या नादाने मी दहा वर्षं बटाटे सोडलेत! त्याचा हिशेब घरी गेल्यावर करू."

शिसं आलं शेजारच्या तंबूंतून. कुणी विटा दिल्या, कुणी जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या. माणसं जोखण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या दिवशी मी हरलो. ज्याचा विक्रम मोडायचा होता, तोच म्हातारा शंभर पौंड घेऊन आला. "परत करा हं," एवढंच म्हणाला. प्रत्येक वीट माझ्या आकड्यावरून गाडीत गेली.

त्या दुपारी गाडी गेली दोनशे दोनने. विक्रमाला दोन फेऱ्यांची सरासरी लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दोनशे पाच! म्हाताऱ्याचा विक्रम मोडला. आर्व्हेला बाहेर आली, हेल्मेट काढलं आणि आधी म्हणाली, "त्यांचं शिसं परत करा." मग रडली.

घरी गेल्यावर गाडी गोड्या पाण्याने तीनदा धुतली. मला मात्र मिठासकट पेटीत टाकलं. कौतुकाच्या गडबडीत असं होतंच. सापडलो तोवर माझ्या पोटात गंज चढला होता आणि काटा चारवर अडकला, तो आजवर खाली उतरलेला नाही.

मित्रांनो, खरं सांगणाऱ्याला काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, तेलाचा एक थेंब द्या. आणि ताकद कमी पडते असं वाटलं, तर आणखी मागण्याआधी आहे ती जाते कुठे, ते बघा.

आता मी त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर आहे. आर्व्हेलाला लांबचं फारसं दिसत नाही. ती जवळ येते, माझ्या आकड्याला अडकवलेली लाल टोपी चाचपते आणि पट्टीला नाक लावून वाचते, "चार पौंड."

"काटा बिघडलाय गं," ऑरिन आतून ओरडतो.

"मुळीच नाही," ती म्हणते. "एवढं वजन असणारच."