घरात ताई, लॅबमध्ये मॅडम

सूनबाईला विद्यापीठात माहिती तंत्रज्ञानाला प्रवेश मिळाला, तेव्हा घरात आनंद झाला तो एकट्या तिच्या नवऱ्याला, आणि तोही त्याने आवाज खाली ठेवूनच साजरा केला. त्याची थोरली बहीण त्याच विभागात शिकवत होती, लॅब तिच्या ताब्यात होती, आणि भावजय आपल्या वर्गात येऊन बसणार ही गोष्ट तिच्या डोळ्यात पहिल्या दिवसापासून खुपत होती.

त्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"विभागात आपलं नातं कुणाला सांगायचं नाही. लोक म्हणतील, मीच तुला आत घुसवलं."

"नाही सांगणार, ताई."

"तिथे ताई नाही, मॅडम. आणि घरी अभ्यासातलं एक अक्षर मला विचारायचं नाही. ना तू विचारायचंस, ना मी सांगायचं."

"मी विचारणारही नव्हते," सूनबाई म्हणाली आणि भांडी विसळत राहिली. तिच्या प्रमाणपत्रांवर माहेरचं आडनाव होतं. त्यामुळे विभागात कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

वर्गातली पोरं या मॅडमना 'फायरवॉल' म्हणत. त्यांच्यापुढून चुकीचं काही सुटायचं नाही, आणि बरोबरही सहजासहजी सुटायचं नाही. पण बाकीच्यांना त्या नुसत्या चाळायच्या, सूनबाईला मात्र दळून काढायच्या. तोंडी परीक्षेत एक उत्तर बरोबर आलं की त्याच्या पोटातला प्रश्न, तो सुटला की त्याच्याही पोटातला. ती अडखळेपर्यंत हे चालायचं. अडखळली की मॅडम पेनाचं टोपण लावायच्या. "पाठांतर दिसतंय. बसा." घरी ज्या तोंडातून 'तू' यायचं, त्याच तोंडातून चारचौघांत 'बसा' आलं की सूनबाईच्या कानशिलांना आग लागायची. मग ती दात-ओठ खात वाचनालय गाठायची आणि अडलेल्या जागेचा फडशा पाडूनच घरी परतायची.

घरातही शीतयुद्ध होतंच. राउटर नणंदेच्या खोलीत होता, आणि सूनबाई लॅपटॉप उघडून बसली की तो नेमका बंद पडायचा. नवऱ्याने एकदा भीतभीत विचारलं, तर ताई म्हणाली, "अपडेट चालू आहे." तो दवाखान्यात क्ष-किरण तंत्रज्ञ होता. माणसाच्या आतलं सगळं त्याला दिसायचं, पण घरात काय चाललंय ते दिसत नाही असं तो दाखवायचा.

त्याच्याच दवाखान्यातली रांग बघून सूनबाईने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेतला होता. रुग्णांचे नंबर लावणारा प्रोग्राम. मोडलेला हात घेऊन कुणी आलं, तर त्याला पुढे घ्यायचं, पण तासभर बसलेल्या म्हातारीचा नंबर हरवू द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण या एका गोष्टीने तिला महिनाभर रडवलं होतं. शेवटी लॅबमध्ये बसून तिने तो गुंता सोडवला आणि काम लॅबच्या सर्व्हरवर ठेवून ती समाधानाने घरी आली. घरच्या लॅपटॉपवर होती ती आधीची, अर्धवट प्रत. नवी उतरवून घेऊ उद्या, असं तिने ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना चक्कर आली. मुलगी विद्यापीठात निघून गेलेली, मुलगा कामावर. दोघांना फोनवर कळवून सूनबाईच त्यांना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेली. तपासण्या, औषधं, पुन्हा डॉक्टर, यात सगळा दिवस गेला. नेमकं त्याच दुपारी मॅडमनी वर्गात सांगितलं, की परीक्षेसाठी सर्व्हर आज पुसून नव्याने लावला जाईल, ज्याने त्याने आपापलं काम उतरवून घ्यावं. सगळे आपापल्या फाइली वाचवायच्या गडबडीत होते. आज कोण आलेलं नाही, याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. एका व्यक्तीला मात्र ते पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी सगळे एकत्र जेवले. सासूबाईंना बरं वाटत होतं. "सूनबाई होती म्हणून," त्या लेकीला म्हणाल्या. लेकीने मान हलवली, भाजी वाढून घेतली, उद्याच्या परीक्षेसाठी बाहेरचे परीक्षक येणार आहेत असंही आईला सांगितलं. सर्व्हरबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सकाळी सूनबाईने लॅबमध्ये आपला फोल्डर उघडायला घेतला, तर फोल्डरच नव्हता. शेजारच्या मुलीने विचारलं, "अगं, काल पुसलं ना सगळं. तुला माहीत नव्हतं?" तिने वर बघितलं. मॅडम परीक्षकांसाठी खुर्ची सरळ करत होत्या.

तिने लॅपटॉपवरची अर्धवट प्रत दाखवायला सुरुवात केली. परीक्षक शांत, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मोडलेल्या हाताचा रुग्ण घालून पाहिला आणि प्रोग्राम तिथेच गडबडला. म्हातारीचा नंबर गायब.

"हे पूर्ण केलं नाही?"

"केलं होतं, सर. ते सर्व्हरवर होतं. काल पुसलं गेलं."

"माहिती तंत्रज्ञान शिकता आणि दुसरी प्रत ठेवत नाही?"

"चूक झाली," ती म्हणाली. ही चूक तिचीच होती, आणि ती तिला मान्य होती.

"सूचना सर्वांना दिली होती," मॅडम मध्येच म्हणाल्या. "काही जण तासाला येत नाहीत, त्याला विभाग काय करणार?"

एवढं त्या बोलल्या नसत्या, तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. सूनबाईने लॅपटॉपवरून नजर काढली.

"काल मी मॅडमच्या आईला दवाखान्यात नेलं होतं, सर. संध्याकाळी आम्ही एकाच टेबलावर जेवलो. तेव्हाही मॅडमनी मला सांगितलं नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मॅडमच्या आईला तुम्ही कशा काय?"

"त्या माझ्या सासूबाई. मॅडम माझ्या नणंद आहेत."

लॅबमधले सगळे कीबोर्ड थांबले. परीक्षकांनी मॅडमकडे वळून हळू आवाजात विचारलं, "हे तुम्ही विभागाला लिहून दिलं होतं?" जवळच्या नात्यातल्या विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायची नाही, हा नियम त्या स्वतःच दर वर्षी इतरांना ऐकवायच्या. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि नकारार्थी मान हलवली.

परीक्षकांनी सूनबाईला कोपऱ्यातला संगणक दिला. "जमलं होतं म्हणता ना, मग पुन्हा लिहा. बाकीच्यांचं होईपर्यंत वेळ आहे." महिनाभर ज्याने रडवलं होतं ते तिने दुपारपर्यंत पुन्हा उभं केलं. पहिल्याइतकं नीटनेटकं नव्हतं, पण म्हातारीचा नंबर आता जागेवर राहत होता. गुण बेताचेच पडले, तरी ती पास झाली. मॅडमना चौकशीला बोलावणं आलं, आणि परीक्षेच्या कामातून त्यांना बाजूला करण्यात आलं.

घरी मग वादळ झालं. सासूबाईंनी लेकीची बाजू घेतली. "घरातलं चव्हाट्यावर आणलंस," त्या म्हणाल्या. दवाखान्याच्या दिवशीचं 'होती म्हणून' त्या साफ विसरल्या होत्या. नवरा खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता.

नणंद सगळ्यात शेवटी बोलली. "तू गप्प बसली असतीस तर काही बिघडलं नसतं."

"तुम्ही गप्प बसला नसतात तर काही बिघडलं नसतं, ताई."

"एवढी वर्षं नाव जपलं होतं मी तिथे."

"मलाही तिथेच नाव करायचंय. तुमच्यासारखंच."

नणंद खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर दोघी एका टेबलावर बसल्या नाहीत. एकीचं आटोपलं की दुसरी यायची, आणि सासूबाई दोन्ही वेळा टेबलाशी उगीच बसून राहायच्या.

आठवड्याभराने नवरा म्हणाला, "आपण वेगळी खोली बघूया का? रोजची ही धुसफूस नको."

पुढच्या पदवीचा प्रवेश अर्ज भरत ती बसली होती. विभाग तोच, लॅबही तीच. तिने मान वर केली नाही.

"तुला जायचं असेल तर बघ," ती म्हणाली. "मी इथून कुठे जाणार नाही. आणि तिथूनही नाही."