बाबांची शेवटची पायरी

बाबा गेले तेव्हा रडायला रांग लागली होती. मी सख्खा मुलगा, तरी माझा नंबर उशिरा आला. माझ्यापुढे एक प्लंबर होता, त्याचं काही आटपेना.

बाबा इमारती बांधायचे. प्रत्येक इमारतीत तळमजल्यावरची सगळ्यात मोक्याची खोली, जिच्यासाठी दुकानदार उंबरे झिजवायचे, ती ते विकायचे नाहीत. तिथे काम शिकवलं जायचं. गवंडीकाम, सुतारकाम, नळ, वायरिंग, रंग; येईल त्याला, फुकट. शिकून हाताला काम मिळालं की त्या माणसाने नव्या इमारतीच्या दारातल्या ओल्या पायरीवर आपला पंजा उमटवायचा, ही बाबांची रीत. निम्म्या गावाचे पंजे आमच्या पायऱ्यांवर आहेत. पोस्टमनचासुद्धा आहे. तो आधी सुतार होता.

माझा नाही.

प्रयत्न केला नाही असं नाही. वायरिंग शिकलो, तर आमचा दिवा लावला की शेजाऱ्यांची बेल वाजायची. जमीन रंगवायला घेतली आणि स्वतःलाच कोपऱ्यात अडकवून घेतलं. रंग वाळेपर्यंत जेवण काठीच्या टोकावरून आलं. बाबा म्हणाले, "घाई नाही रे. पायऱ्या काय, अजून खूप होतील."

मग ते गेले. एकच इमारत अर्धवट राहिली, ती बाबांच्या अशाच एका खोलीत शिकलेल्या गवंडीणताईने पुरी केली. तिला बाबा 'पोरी' म्हणायचे. मला 'अहो चिरंजीव'. फरक कळतो माणसाला.

शेवटची पायरी ओतली त्या दिवशी मी तिथेच घुटमळत होतो. नव्या पोरांना पंजे उमटवायला बोलवायच्या आधी ताई चहाला निघाली.

"पायरीकडे लक्ष ठेवा, दादा. मांजर येतं."

मी लक्ष ठेवलं. मांजर आलं नाही. मीच गेलो. पायरीच्या मधोमध, दोन्ही पंजे. बाकीच्यांचा एक असतो, पण मी घरचा.

ताई परत आली. पायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मांजर बरंच थोराड होतं."

"हो ना. मी हाकललं."

"हात दाखवा."

मी हात खिशात घातले. पँट वाया गेली.

"ताई, ही त्यांची शेवटची पायरी आहे. सगळ्या गावाला जागा, आणि मी काय सावत्र?"

"तुम्हाला त्यांचं नाक मिळालं, आडनाव मिळालं. आम्हाला ही पायरीच मिळाली."

"नाक घेतेस बदलून?"

"नको. तुमच्या शिंका ऐकल्यात मी." तिने माझ्या हातात थापी दिली. "काम शिकल्याशिवाय पंजा नाही. बुजवा."

मी बुजवायला बसलो. आधी टेकडी झाली, मग तळं. नवी पोरं कडेकडेने आपापले पंजे उमटवून गेली. एकाने जाता जाता माझी कीवही केली.

"मनगट सैल सोडा," ताई म्हणाली. "साहेबही असंच आवळून धरायचे. सांगून सांगून जीभ दुखायची माझी."

म्हणजे बाबांना हिने शिकवलं होतं! मी इतका जळलो की दातओठ खाऊन थापी फिरवत राहिलो. फिरवता फिरवता मनगट कधी सैल झालं, कळलंच नाही.

ताईने एक डोळा मिटून पायरी न्याहाळली. "जमलं."

हा शब्द मला आयुष्यात कुणी म्हटला नव्हता. मी हात पुढे केला. "आता उमटवू?"

तिने बोट टेकवून पाहिलं. "आता कुठे? सेट झालं."

त्या पायरीवर कडेने पंजेच पंजे आहेत आणि मधोमध काहीच नाही. ते मी. इतकं गुळगुळीत काम गावात दुसरं नाही. उद्घाटनाला पहिला आत निघाला तो प्लंबर, आणि तिथेच, माझ्यावरच, घसरून आदळला.

"काढलंस वडिलांचं नाव," आई म्हणाली.

प्लंबर पायरीवर बसून ढसाढसा रडत होता. पण या वेळी माझ्यामुळे.