पाणबुडी कुणाची होती

नाखवा दुर्मुहम्मद वाळूत गुडघे टेकून भावाच्या अंगावरचं जाळं कापत होता. नायलॉनचे पीळ सालमीनच्या मांडीत आणि खांद्यात इतके रुतले होते, की आधी बोट आत सरकवायचं आणि मग पातं. कुणी तरी म्हणालं, राहू दे नाखवा, तसंच गुंडाळू. तो कापतच राहिला.

सालमीनची बायको मोरवारी पायांशी बसली होती. कापलेला एकेक तुकडा ती उचलून मांडीवर ठेवत होती.

दफन झालं त्याच संध्याकाळी नौदलाचा अधिकारी घरी आला. फरहमंद त्याचं नाव. वयानं तरुण, बोलायला मऊ. त्यानं बूट दाराबाहेर काढले, गेलेल्यासाठी फातिहा म्हटली, साखरेचा खडा गालात धरून चहा प्यायला.

“नाखवा, शत्रूच्या पाणबुडीनं तुमचा भाऊ नेला. उद्या टीव्हीवाले येतील. चार शब्द सांगा.”

“आपली होती, साहेब.”

“पाण्याखालचं लोखंड कुणाचं, हे कसं ओळखणार?”

“वर आली होती ती.”

लढाई लागल्यापासून बेटावरच्या सगळ्या लेंजा, मासेमारीच्या लाकडी होड्या, किनाऱ्याला बांधलेल्या होत्या. घरातलं पीठ संपलं तेव्हा हे दोघे भाऊच तेवढे जाळं घेऊन बाहेर पडले होते. समुद्रावर चिटपाखरू नव्हतं. अचानक लेंज थांबली, आणि मग उलटी ओढली जाऊ लागली. मागची फळी पाण्याखाली जायला लागली. सालमीन जाळ्याचा दोर सोडवायला धावला आणि दोराचा वेढाच त्याच्या पायात बसला. नाखव्यानं कुऱ्हाड घातली. दोर तुटला, लेंज वाचली. पण सालमीन दोराच्या पलीकडच्या बाजूला होता.

मग पाणी फुगलं आणि ती वर आली. काळी, बुटकी, आपल्या लेंजेपेक्षा फार मोठी नाही. झाकण उघडून दोन पोरं बाहेर आली आणि जाळं तोडू लागली. “माझा भाऊ आहे त्यात!” नाखवा ओरडला. एका पोरानं पाण्यात पाहिलं, मग आभाळात. विमानाचा आवाज येत होता. “माफ करा काका!” तो ओरडला, अस्सल बंदरी बोलीत, जशी या बेटावरची कुणीही आई मुलाला शिकवते. आणि झाकण लागलं. तुटलेलं जाळं सालमीनसकट नाखव्यानं लेंजेमागून किनाऱ्याला ओढत आणलं.

फरहमंदनं सगळं ऐकून घेतलं. दाराकडे, भिंतीकडे कुठंच न बघता आपल्या हातांकडे बघत तो म्हणाला,

“नाखवा, शत्रूची सगळी जहाजं सामुद्रधुनीच्या पलीकडं अडून बसली आहेत ती आमच्या तोफांना भिऊन नाही. ही चिमुकली बोट कुठं आहे ते त्यांना कळत नाही, म्हणून. आपली होती म्हणालात, तर ती कुठं फिरते ते त्यांना कळेल. आत आपली पोरं आहेत. तीही कुणाची तरी सालमीनच.”

“मग मी गप्प बसतो. खोटं बोलायला लावू नका.”

“गप्प बसलात तर लोक विचारत राहतील.”

तो गेला. नाखवा भिंतीला टेकून बसून राहिला. मोरवारीनं पेले उचलले, आत नेले, आणि धुतल्याशिवायच परत आली.

“भावजी, सांगून टाका तो म्हणतो तसं.”

“तू? तू म्हणतेस हे?”

“उद्या बायका विचारतील, कसा गेला गं? काय सांगू? आपल्याच पोरांनी ओढत नेला आणि झाकण लावून घेतलं?” तिचा आवाज चढला नाही. “शत्रूनं मारला म्हटलं, तर निदान रागवायला तरी कुणी असेल मला.”

दुसऱ्या दिवशी नाखवा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि एक वाक्य बोलला. आवाज नीट आला नाही म्हणून त्यांनी ते पुन्हा बोलायला लावलं. या वेळी नीट आला.

पुढच्या आठवड्यात, दुपारच्या नमाजानंतर, शेजारचा लतीफ धावत आला. “नाखवा, टीव्ही लाव! सूड घेतला!” पडद्यावर आधी नाखव्याचा चेहरा आला, ते वाक्य आलं, आणि मग जळणारं जहाज. सामुद्रधुनीच्या तोंडाशी, तेलानं भरलेलं, मधोमध मोडलेलं. घर माणसांनी भरलं. कुणी खजूर आणले, कुणी नाखव्याचं कपाळ चुंबलं. एका म्हातारीनं मोरवारीला मिठी मारून सांगितलं, आता तुझा सालमीन शांत झोपेल गं पोरी.

गर्दीतच फरहमंदचा फोन आला.

“अभिनंदन, नाखवा.”

“जहाजावर माणसं होती?”

“शत्रूचं जहाज होतं.”

“माणसं कुठली होती, साहेब?”

“फिलिपाइन्सची होती म्हणतात. काही श्रीलंकेची. नोकरीवरची माणसं.”

“आणि बुडवलं कुणी?”

“त्याच पोरांनी.” फरहमंदचा आवाज हळू झाला, जणू काही तरी मोलाचं हातात ठेवतोय. “त्यांनीच मागून घेतलं हे काम. तुमच्यासाठी.”

नाखव्यानं फोन गादीवर ठेवला. लोक अजून बोलत होते. तो उठला, चपला न घालताच बाहेर पडला आणि धक्क्यावर जाऊन लेंजेचा दोर सोडायला लागला. गाठ सुटली तेव्हा मागं पावलं वाजली. मोरवारी पाण्याचे दोन कॅन आणि घरातली सगळी पांघरुणं घेऊन उभी होती.

“फोनवर काय म्हणाला ते ऐकलं मी,” ती म्हणाली.

“तू घरी जा.”

“एकट्याच्यानं ओला माणूस वर ओढवेल तुमच्या?”

बेटावरची बाई कधी लेंजेवर चढत नसे. तिनं कॅन आत टाकले आणि चढली.

रेडिओवर हुकूम चालू होता: कुठल्याही बोटीनं त्या बाजूला फिरकू नये. नाखव्यानं रेडिओ बंद केला. दोन तासांनी धूर दिसला, मग तेल. पाणी काळं आणि जड झालं होतं. लेंज त्यातून चिखलातून चालल्यासारखी चालली. एक केशरी जाकीट दिसलं. नाखव्यानं आकड्यानं ओढून घेतलं. रिकामं होतं. आणखी एक, तेही तसंच. लाकडी खोका. एक पातेलं, उलटं तरंगणारं.

मोरवारीनं चेहऱ्यावरचा बुरखा कपाळावर सारला. ती पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली,

“कुणी आहात का हो?”

बंदरी बोलीत ओरडली. त्या माणसांना ती बोली कळणार नव्हती. नाखव्यानं इंजिन बंद केलं.

तिनं पुन्हा हाक मारली.