केशरबाईंचा पडदा

“खिडकीला पांढरी नेट घ्या, आन् दोन्ही बाजूंना मरून पडदे, नुसते शोला,” पूजाने माझ्या कापडांच्या नमुन्यांवर बोट ठेवलं.

मिरजगावात हायवेच्या कडेला आदिनाथने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नवा बंगला बांधला होता. हॉलला खिडकी अशी ठेवली होती की जाणाऱ्या एस.टी.तल्या माणसांना घरातली भाजी कोणती ते कळावं. बावीस वर्षं मी पडदे शिवते. रंग शेवटी विचारते. आधी विचारते, या खोलीत झोपतं कोण? बायका हसतात. हसू देत.

“हॉलमधी कोन झोपनार, सुरेखाताई?” पूजाही हसली.

कोपऱ्यातल्या दिवाणावर तिच्या सासूबाई केशरबाई लसूण सोलत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मी निजते की.”

“आत्यांचं काय! पहाटं चारला उठून, लुगडं नेसून तयार. लई शिस्तीच्या. पाहुन्यांत सगळ्यांना सांगते मी.” पूजाच्या आवाजात खरंच कौतुक होतं.

“चारला कशाला उठता हो, मावशी?” नसत्या चौकशा करायची मला खोडच आहे.

केशरबाईंनी लसणाचं ताट बाजूला सरकवलं. “मंग कवा नेसू? बाथरूमात वल्लं असतं, नऊवार हाय, निऱ्या भिजत्यात. पोरं उठायच्या आत उरकावं लागतं. जुन्या घरात बी तेच. सारा जलम चोरावानी नेसन्यात गेला.”

पूजाचा चेहरा खर्रकन उतरला. मला तिचा रागही आला आणि कीवही आली. मी टेप घेऊन दिवाणापाशी गेले.

“इथं, दिवाणाभोवती रेल टाकते. पडदा पार जमिनीपर्यंत.”

सोफ्यावर बसलेल्या आदिनाथने मोबाईलमधून डोकं वर काढलं. “बैठकीत? दवाखान्यावानी दिसंल, ताई. पाहुनं काय म्हनतील?”

“म्हनू द्या,” पूजा म्हणाली. “आत्या, कापड तुमी निवडा.”

केशरबाईंनी हात पदराला पुसले. रंगांकडे त्यांनी पाहिलंही नाही. एकेक नमुना उजेडाकडे धरायच्या आणि मला पलीकडे बोटं ठेवायला सांगायच्या. सातव्या कापडातून माझी बोटं दिसली नाहीत. चॉकलेटी, जाडजूड, कुणी घेत नाही असलं कापड.

“ह्यो द्या.”

आठ दिवसांनी पडदा बसवला. भर दुपारची वेळ. केशरबाई आत गेल्या आणि त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला. बाहेर आम्ही पाहुण्यांसारखे उभे.

पूजा चहा घेऊन आली. सवयीने पडद्याला हात घातला आणि तसाच मागे घेतला.

“आत्या, आत येऊ का?”

आत बांगड्या वाजल्या. मग केशरबाईंचा निवांत आवाज आला, “थांब जरा.”

पूजा कप धरून उभी राहिली.